उष्टी सुई

बाईंच्या शोकसभेत एका पाहुण्यांनी माइक हातात घेतला आणि घसा खाकरून म्हणाले, "बाईंनी आपल्या भागातल्या कितीतरी तरुणांना व्यसनाच्या विळख्यातून सोडवलं." मी मागच्या रांगेत बसले होते. मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून खाली वाकले, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनं आपला माझ्या पाठीवरून हात फिरवला. अहो, कुणाला सोडवलं? आमच्या बाईंनी उभ्या जन्मात कुणाला 'सोड' असं म्हटलं नाही. आणि स्वतः शेवटच्या सकाळपर्यंत मिसरी लावत होत्या.

सिव्हिल हॉस्पिटलला मेट्रन म्हणून त्या रिटायर झाल्या आणि नंतर मांजरसुंब्याच्या व्यसनाच्या केंद्राच्या प्रमुख म्हणून आल्या. मी तिथं नर्स. राहायला त्या लिंबागणेशला. काळी-पिवळी जीपमधून रोज यायच्या, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला अर्धा रस्ता शिव्या घालत. अंगानं दणदणीत, आवाज त्याहून दणदणीत, काखेत बारा महिने छत्री. पाऊस असो नसो. त्या छत्रीनं कुत्री हाकलायच्या, दार ढकलायच्या, कुणाच्या बाहीचं टोक वर करून जखम बघायच्या. ती उघडलेली मात्र मी फारशी पाहिली नाही.

सकाळी केंद्र उघडायच्या आधी पायरीवर बसून मिसरी. डाव्या तळव्यावर तंबाखूची काळी पूड, उजव्या हाताचं बोट, आणि डोळे हायवेकडे. तोवर कुणी बोलायचं नाही. एकदा जिल्ह्याचे साहेब तपासणीला लवकरच आले आणि बिचारे गाडीपाशी उभे राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्यसनाच्या केंद्राच्या प्रमुख, आणि तुम्हीच..." बाईंनी शांतपणे चूळ भरली. म्हणाल्या, "सासरी आल्यापासून सोडायलेय साहेब. सुटंना. म्हणून तर मला ह्या पोरांचं कळतं. तुमाला कळायचं न्हाई, तुमी बसा आत." साहेब आत जाऊन बसले.

आमच्या कामाचं ऐकून लोक अजून डोळे मोठे करतात. हायवेचं गाव. ढाबे, गॅरेजं, ट्रकांची ये-जा. त्यात काही पोरं नशेची इंजेक्शनं शिरेतून घेणारी. त्यांनी वापरलेली सुई आणून आमच्या पांढऱ्या डब्यात टाकायची आणि नवी कोरी घेऊन जायची. कारण एक सुई दोघांनी वापरली की एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जातं आणि त्याच्यासंगं एचआयव्ही पण जातो. ज्याला इंजेक्शनच कमी करायचंय त्याला रोज आमच्या डोळ्यांसमोर जिभेखाली विरघळणारी गोळी. शिवाय रक्ततपासणी, जखमांची मलमपट्टी. बस, एवढंच. प्रार्थना नाही, शपथ नाही, दाराला कुलूप नाही. टायरचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलेलं, त्यामुळं उन्हाळ्यात सगळीकडं रबराचा वास. गावातले लोक त्याला 'सुईचं ऑफिस' म्हणायचे.

येणाऱ्या पोरांना बाई अहो-जाहो करायच्या. "या पावणं, जेवलात का?" हा पहिला प्रश्न. जेवला नसेल तर त्यांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढं, मग बाकीचं. आणि सरपंच, साहेब, पुढारी आले की सरळ अरे-तुरे. मी एकदा विचारलं, बाई हे उलटं नाही का? म्हणाल्या, "त्यांना आख्खं जग अहो म्हणतंय. एकानं अरे म्हणलं तर काय झिजतंय?"

संकष्टी त्या कडक पाळायच्या. लिंबागणेशच्या गणपतीचं दर्शन झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. पण आया पोरांना धरून त्याच देवळात शपथ घालायला न्यायच्या, तेव्हा बाई त्यांना रस्त्यात अडवायच्या. "गणपतीला कावून जामीन ठेवता? पोरगं मोडणार हाय शपथ. मग तुमाला तोंड दाखवायला लाजंल, पुलाखाली जाऊन पडंल, अन् मिळंल त्याची सुई घेईल. त्यापरीस माझ्याकडं येऊ द्या." आया चिडायच्या. एकीनं तर 'तुला पोरं न्हाईत म्हणून' असं तोंडावर फेकलं. बाईंना दोन मुली होत्या, दोघी नोकरीला. पण त्यांनी ते सांगितलं नाही.

बोलायची तर भारी हौस! गोळी जिभेखाली ठेवली की ती विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. ही वेळ बाईंची. बाकावर पोरं गप्प, तोंडं मिटलेली, आणि समोर बाई खुर्ची ओढून गप्पा मारतायत. शेजारच्या सासू-सुनांच्या भानगडी, हॉस्पिटलातल्या गमती, रस्त्याचा ठेका कुणाला मिळाला. कुणाला उत्तर देता यायचं नाही. एक ट्रक क्लीनर मला म्हणाला, "सिस्टर, नशा सुटल का न्हाई म्हाईत न्हाई, पण कान जातील बगा."

त्या बाकावर माझा भाऊही बसायचा. भागवत. माझ्याहून धाकटा.

आमचं घर पाटोद्याजवळ. घरी मेंढरं. मी नर्सिंगला गेले, भागवतनं पिकअप घेतली आणि शेरडं-मेंढरं भरून बाजारोबाजार न्यायला लागला. हायवेवरच्या संगतीत इंजेक्शनाची सवय कधी लागली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा दंडाची शीर दोरीसारखी झाली होती. परजिल्ह्यातल्या एका केंद्रात त्याला ठेवलं. तिथं दाराला कुलूप, पहाटे उठवून कवायत, चुकलं की मार. बाहेर आला, थोडे दिवस देवासारखा वागला, आणि परत तेच. आई रोज देव बदलायची. मी बाईंच्या केंद्रात नोकरी धरली ती याच आशेनं, की इथं काहीतरी युक्ती शिकेन आणि भावाला सोडवेन.

आणि एका दुपारी खिडकीत मान वर करून बघते तर समोर भागवत. जुनी सुई डब्यात टाकून, नवीसाठी हात पुढं केलेला.

माझं डोकंच फिरलं. हातातलं पाकीट मी परत ट्रेमध्ये आपटलं. सगळ्यांसमोर ओरडले, लाज वाटत नाही का, आईला मारशील का, काय काय बोलले. तो खाली मान घालून निघाला. तेवढ्यात बाई आल्या. त्याचा हात धरला, खिडकीतून स्वतः पाकीट काढून त्याच्या खिशात घातलं आणि मला छत्रीनं बाहेरची वाट दाखवली.

बाहेर मी रडतच भांडले. "बाई, भाऊ आहे तो माझा! तुम्ही त्याच्या हातात सुई देता?"

"देते की."

"मला त्याचं सुटायला पाहिजे!"

"मला बी पाहिजे. पण बाळे, मेलेल्या माणसाचं काई सुटत न्हाई. आधी जित्ता राहू दे. सुटायचं मग त्याचं तो बघंल."

"आणि नाहीच सुटलं तर?"

"तर जित्ता राहील. लई कमी हाय का ते?"

मला पटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही अर्धंच पटतं. अर्धं मन म्हणतं, सोडायला सांगायलाच पाहिजे होतं कुणीतरी. पण त्या दिवसापासून बाईंनी एक केलं. कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. "तू गोळ्या दे, जखमा धू. रक्ताचे रिपोर्ट माझ्याकडं. बहिणीला सगळं कळायला लागलं की भाऊ यायचा बंद होतो." मी फणकारले. किल्ली गेली ती गेलीच.

भागवतबरोबर नेहमी एक जण असायचा, मिलिंद. शाळेपासूनचा जिवलग. मांजरसुंब्यातच मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. बी.एड. झालेला, नोकरी नाही, वडील तहसीलला कारकून. घर आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतलं. तो पण इंजेक्शन घ्यायचा. दोघांनी बरोबरच सुरू केलं होतं.

इथं आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. मिलिंद लहानपणी आमच्याकडं यायचा तेव्हा आई त्याला वेगळ्या कपात चहा द्यायची. कानतुटका कप, खिडकीत वेगळा ठेवलेला. आम्ही स्वतः मेंढरामागं उन्हातान्हात फिरणारी माणसं, कुणी आम्हालाही फार जवळ केलेलं नाही. तरी आमच्या घरात तो कप होता. भागवत आठवीत असेल. एक दिवस मिलिंदचा चहा पिऊन झाला, तसा त्यानं तो कप उचलला, न विसळता त्यातच स्वतःचा चहा ओतला आणि आईकडं बघत बघत प्यायला. त्यानंतर कायम त्याच कपात प्यायचा. आईनं शेवटी हात टेकले आणि कप फोडून टाकला. असा आमचा भागवत. मिलिंदच्या बाबतीत त्याला कुणी काही शिकवायचं नाही.

तर, त्याच सुमारास गावातल्या लोकांनी केंद्र बंद करायचं ठरवलं. पंधरा-वीस माणसं ट्रॅक्टरमधून आली. पोरं बिघडवता, सुया वाटता, उद्या दारू पण वाटाल, असा आरडाओरडा. बाई मिसरी लावत होत्या. तोंड धुऊन उठल्या आणि सगळ्यात पुढच्या माणसाला म्हणाल्या, "तू शेजाऱ्याच्या ताटातलं उष्टं खातोस का बे?"

तो गडबडला. "न्हाई. कावून खाईन?"

"मग माझ्या पोरांनी उष्टी सुई कावून वापरायची? ते टोचायचं थांबवायचं तुझ्या हातात न्हाई, माझ्या बी न्हाई. पण उष्टं तरी टोचू नका, एवढंच सांगायलेय मी. आन् पूर्वी त्या सुया शाळंच्या मैदानात पडायच्या. आता पडत्यात का?"

पडत नव्हत्या. तेही खरंच होतं. मंडळींनी चहा घेतला आणि ट्रॅक्टर वळवला.

बाई स्वतःवरच भलत्या खूश! 'उष्टी सुई' हा शब्द त्यांना फारच आवडला. रंग आणून भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'उष्टी सुई नको रे बाबा'. तो शब्द ढाब्यांवर गेला, गॅरेजात गेला. पोरं सुई घेताना चेष्टेनं विचारायला लागली, "उष्टी न्हाई ना सिस्टर?" बाई म्हणायच्या, बघ, सरकारच्या पोस्टरनं जे झालं न्हाई ते एका शब्दानं झालं. मलाही वाटलं, खरंच झालं.

पोरांबरोबर आमची आठवड्याला बैठक असायची, तिथं मिलिंद उभा राहिला तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तो एरवी बोलायचा नाही. म्हणाला, "मॅडम, भिंतीवरचा शब्द पुसा."

"कावून हो? चांगला हाय की."

"माझ्या आज्याच्या ओंजळीत वरनं पाणी ओतायचे. उष्टं काय असतंय, कुणाचं असतंय, ते आमच्या घरात सगळ्यांना म्हाईत हाय. तो शब्द आमच्याकडं कुणी तोंडातून काढत न्हाई. तुमी भिंतीवर लिवला."

बाई म्हणाल्या, "अहो, मी सुईचं म्हणायलेय, माणसाचं न्हाई."

"मला कळतंय. पण ह्या पोरांना काय कळलंय ते इचारा." आणि तो शेजारच्या पोराकडं वळला. "तू कुणाची सुई घेत न्हाईस?"

"परक्याची."

"आन् माझी?"

"तू काय परका हायस का बे?"

सगळे हसले. मिलिंद हसला नाही. मग भागवत बसल्या जागेवरून म्हणाला, "खरंच हाय की. दोस्ताचं उष्टं ते काय उष्टं असतंय का? अन् मी ह्याची सुई नको म्हणलो तर मग ह्याचा विटाळ धरल्यासारखं न्हाई का होणार? आपल्याला न्हाई जमायचं ते."

म्हणजे बघा, गेले कित्येक दिवस आम्ही ज्या शब्दावर खूश होतो, त्या शब्दानं पोरांनी काय केलं होतं, तर परक्याची सुई टाकली होती आणि दोस्ताची धरली होती. ज्याच्यावर जीव त्याचं रक्त बेलाशक घेत होते. नाही घेतलं तर जीव नाही असं व्हायचं! आणि आमच्या भागवतसारख्याला तर नाही म्हणणं म्हणजे परत तो कप खिडकीत ठेवणं.

बाई उठल्या, बादली आणि तारेचा ब्रश आणला, एवढं जड शरीर घेऊन स्टुलावर चढल्या आणि भिंत घासायला लागल्या. मी म्हटलं, बाई उतरा, पडाल, मी करते. "सरक तिकडं. माझ्या हातानं लिवलंय." घाम पुसत, धापा टाकत बोलत होत्या, "जन्म दवाखान्यात गेला अन् अक्कल न्हाई आली. शब्द ग्वाड लागला म्हणून लिवला." खाली उतरल्या आणि सगळ्यांकडं तोंड करून म्हणाल्या, "ऐका आता. उष्ट्यानं हा आजार होत न्हाई. एका ताटात जेवा, एका तांब्यानं पाणी प्या, गळ्यात पडा, मुके घ्या. काई होत न्हाई. पण रक्त सख्ख्या भावाचं बी आपल्या शिरंत घ्यायचं न्हाई. हितं जीव लावायचा न्हाई." मग मिलिंदला म्हणाल्या, "तुमी लिवा काय लिवायचं ते." त्यानं ब्रश घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'ज्याची त्याची सुई'.

भिंत धुतली म्हणून मनातलं धुतलं जातं असं नाही. भागवत नव्या सुया घेऊन जायचा आणि तरीही मिलिंदजवळ बसला की हात त्याच्याचकडं जायचा. मला कळायचं. मी त्याला समजावलं, ओरडले, रडले. तो म्हणायचा, "तायडे, मिलिंदला काय असणार हाय?"

आणि मग एके दिवशी तो केंद्रात आला तो शर्टाचा खांदा फाटलेला, ओठ सुजलेला. मिलिंदनं मारलं होतं! दुकानामागच्या ओट्यावर दोघं बसले होते. भागवतनं सवयीनं हात पुढं केला, तर मिलिंदनं सुई दगडावर घासून वाकडी केली आणि याला ढकलून दिलं. "तुझी तू आण. अन् परत माझ्या दुकानाची पायरी चढू नको." भागवतला वाटलं चेष्टा. तो परत जवळ गेला तर मिलिंदनं कॉलर धरून त्याला रस्त्यावर काढलं.

"मी काय केलं होतं तायडे?" एवढा बाप्या गडी, लहान पोरागत विचारत होता. बाई ओठाला बर्फ लावत होत्या. एरवी कुणी भांडून आलं की त्या दोन्हीकडची चौकशी करणार, मजा घेणार. त्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

दोघांचं बोलणं तुटलं. मिलिंद आता बाई एकट्या असतील अशा वेळी यायचा आणि मला बघून मान खाली घालून जायचा. भागवत चिडून चिडून का होईना रोज गोळीला यायला लागला, कधी इंजेक्शन घेतलंच तर स्वतःची कोरी सुई. शेअर करायला कुणी उरलंच नव्हतं. बाई त्याच्यामागं लागल्या, "रक्त तपासून घ्या पावणं." गोळी त्याच्या जिभेखाली असायची, बाई बोलत राहायच्या. तो बोटानं नाही नाही करायचा. गोळी विरघळली की म्हणायचा, "मी दुसऱ्या कुणाची घेतलीच न्हाई, तपासायचं काय? फक्त मिलिंदची घ्यायचो. तो काय परका हाय?"

मी नर्स आहे. 'आपल्या माणसाचं' असं रक्त नसतं हे मला कळत होतं. जेवताना, झोपताना, मेंढरांना पाणी दाखवताना एकच, माझ्या भावाच्या रक्तात काय आहे? कपाट तिथंच होतं, माझ्यासमोर, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. मी त्यांना एकदा स्पष्ट विचारलं, "बाई, मिलिंदचं काही आहे का?" त्या म्हणाल्या, "मिलिंदचं मिलिंदला इचार." मी म्हटलं, "माझा भाऊ मरायची वेळ आली तरी सांगणार नाही का?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता छत्री उचलतात. पण म्हणाल्या, "भावाला तपासायला घेऊन ये. दुसरं काई माझ्याकडं मागू नको." मी त्या दिवशी त्यांना दगडाच्या काळजाची बाई म्हटलं. तोंडावर म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या. मेंढरांतून छत्रीनं वाट काढत. भागवत कुठंतरी गेला होता. आईनं बसायला घोंगडी टाकली आणि रडगाणं सुरू केलं, "मॅडम, त्या मिलिंदनं माझ्या लेकराला कुत्र्यागत हाकललं वो. माझं लेकरू त्याच्यासाठी आमच्याशी भांडलं, आन् शेवटी जातीवर गेलाच तो."

"ए म्हातारे, गप!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मेंढरं बिथरली. "त्या पोराचं नाव घ्यायचं तर हात जोडून घे. न्हाईतर घेऊ नको."

आई घाबरली. "कावून? काय केलं एवढं त्यानं?"

बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. बोलायला एवढ्या आसुसलेल्या बाईला शब्द गिळताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. मग म्हणाल्या, "च्या कर."

उन्हाळा लागताना भागवत एकदाचा तयार झाला. बाईंच्या बोलण्याला कंटाळून, असं तो म्हणतो. रक्त दिलं. रिपोर्ट सांगायची बाईंची एक रीत होती. दार लावायचं, आणि समोरच्याच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा ओतायच्या. स्वतःही घ्यायच्या. त्यांचं म्हणणं, असलं काही ऐकताना माणसाच्या हाताला काम पाहिजे, रिकाम्या हातानं माणूस घाबरतो. मी दाराबाहेर उभी. आतून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. मग एकाच जणाच्या फोडण्याचा यायला लागला. मी भिंतीला टेकले.

दार उघडलं. भागवत बाहेर आला, शेंगा मुठीत तशाच, डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या तोंडून हंबरडाच फुटला.

"न्हाई तायडे, रडू नको. काई निघालं न्हाई. कोरं हाय."

मी त्याच्या तोंडावरून हात फिरवायला लागले, कानशिलावर बोटं मोडली, देवाचं नाव घेतलं. पण त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. म्हणाला, "बाईंनी इचारलं, दुसऱ्याची सुई शेवटची कवा घेतली? मी म्हणलं, त्या दिवशी घेणार होतो, मिलिंदनं घेऊ दिली न्हाई. त्यानं मला मारलं."

"मग? बाई काय म्हणाल्या?"

"काईच न्हाई. खाली बघून शेंगा फोडत राहिल्या." मुठीतल्या शेंगांकडं बघून म्हणाला, "तायडे, त्यानं मला कावून मारलं?"

आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही कळलंय. मी वळून बघितलं. बाई दारात उभ्या होत्या, पदराला टरफलं चिकटलेली. "मी काई बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "ध्यानात ठेवा दोघं. माझ्या तोंडातून एक शब्द गेलेला न्हाई." आणि दार लावून घेतलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

हे सगळं मी मिलिंदला विचारून लिहितेय. तो म्हणाला, लिही ताई, बाईंवर लिहायचं तर माझ्याशिवाय कसं लिहिशील? त्याची औषधं सिव्हिलमधून चालू आहेत, तब्येत चांगली आहे, चार किलो वजन वाढलंय म्हणून कुरकुरतो. त्याला लागण कुठून झाली ते त्याला माहीत नाही. एखाद्या ट्रकवाल्याची सुई असेल. भागवत आणि तो, दोघांनीही सगळं सोडलंय असं मी म्हणणार नाही. भागवत मधे दोनदा घसरला. गोळी चालू आहे. मी अजून ओरडते.

रिपोर्ट कळला त्या दुपारी भागवत तसाच पिकअपमध्ये बसला आणि मी त्याच्या शेजारी. मिलिंदच्या दुकानापाशी गाडी थांबवली. तो एक मोबाइल उघडून बसला होता. आम्हाला बघून उठलाच नाही. भागवत पायरीखाली उभा राहिला, चढला नाही.

मिलिंदनं वर न बघता विचारलं, "तपासलं का?"

"तपासलं."

"मग?"

"न्हाई निघालं."

मिलिंदनं हातातला पेचकस खाली ठेवला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना मोठमोठ्यानं रडला. इतके महिने हा माणूस दुकानात बसून एवढ्या एका शब्दाची वाट बघत होता. जरा वेळानं बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "बाईंनी सांगितलं का माझं?"

"एक शब्द न्हाई."

"म्हाईत होतं मला."

भागवतचा आवाज चिरका झाला होता. "तू सांगायचं होतंस ना बे! मारायचं काय काम होतं? सरळ सांगायचं, असं असं हाय, माझी सुई घेऊ नको."

मिलिंदनं त्याच्याकडं बघून विचारलं,

"सांगितलं असतं, तर हात मागं घेतला असतास का?"

भागवत पायरी चढून आत गेला आणि मिलिंदच्या शेजारी बसला.